शब्दचर्चा : ‘एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे तयार करण्याचे काम सध्या हाती घेतले आहे. त्यातील एका प्रकरणात ‘एंटरप्राइझ अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर’ आणि त्यावर चालणाऱ्या वेब सर्व्हिसेस (एका प्रोग्रामने दुसऱ्याला जाळ्यावरून पुरवायच्या सेवा) यांची ओळख करून द्यायची आहे. समोर असलेल्या एका जुन्या मसुद्यात यासाठी ‘उद्योग अनुप्रयोग सेवक’ अशी शब्दयोजना आढळली. ती वाचून विद्यार्थ्याला कसलाच बोध होणार नाही, असे वाटते. या संज्ञेचा नेमका अर्थ काय, साध्या वेब सर्व्हरपासून तिचे वेगळेपण कशात आहे, आणि ‘कंटेनर’, ‘कनेक्शन पूल’, ‘ट्रान्झॅक्शन’ या सोबतच्या शब्दांसाठी काय वापरावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद

मसुद्यातील तिन्ही शब्द अडचणीचे आहेत. ‘अनुप्रयोग’ हा हिंदीच्या वळणाचा शब्द आहे; मराठीत ‘उपयोजन’ अधिक ओळखीचा. ‘सेवक’ म्हटले की माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आज तलाठी कार्यालयापासून बँकेच्या खिडकीपर्यंत सर्वत्र ऐकू येत असताना ‘सर्व्हर’ला पर्याय शोधण्याची गरजही उरलेली नाही. मात्र खरी दिशाभूल ‘उद्योग’ या शब्दामुळे होते, कारण त्यातून हे सॉफ्टवेअर कारखान्यांसाठी किंवा मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेले आहे, असा समज होतो.

या क्षेत्रात ‘एंटरप्राइझ’ हे विशेषण रूढ होण्यामागे सन मायक्रोसिस्टिम्सने डिसेंबर 1999 मध्ये आणलेल्या जेटूईई (जावा या प्रोग्रामिंग भाषेसाठीचे ‘जावा 2 प्लॅटफॉर्म, एंटरप्राइझ एडिशन’) या विनिर्देशाचा, म्हणजे लिखित नियमावलीचा, मोठा वाटा आहे. त्या नावातील पहिला ‘ई’ म्हणजेच एंटरप्राइझ. सर्व्हरने कोणत्या सेवा पुरवल्याच पाहिजेत, हे त्या विनिर्देशात ठरवून दिलेले होते : डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणे, व्यवहार तडीस नेणे, वापरकर्त्याची ओळख आणि अधिकार तपासणे, संदेशांच्या रांगा चालवणे, एका नावावरून हवे ते साधन शोधून देणे. आयबीएमचा वेबस्फिअर, पुढे ओरॅकलकडे गेलेला वेबलॉजिक, जेबॉस, ग्लासफिश हे सारे सर्व्हर म्हणजे याच विनिर्देशाची निरनिराळी रूपे होत. म्हणून ‘एंटरप्राइझ’ या विशेषणाने कंपनीचा आकार सांगितला जात नाही. प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्रपणे वाहावा लागला असता असा कोणता भार सर्व्हरने आपल्याकडे घेतला आहे, ते सांगितले जाते. ही गोष्ट विद्यार्थ्याला एकदा समजली की संज्ञा कोणतीही असली तरी अर्थ निसटत नाही. माझ्या मते ‘एंटरप्राइझ’ आणि ‘सर्व्हर’ तसेच ठेवावेत, ‘उपयोजन’ मराठीत आणावे, आणि पहिल्याच परिच्छेदात ही व्याख्या द्यावी.

‘कंटेनर’साठी काही जण ‘पात्र’ लिहितात, ते टाळावे. पात्र वस्तू नुसती धरून ठेवते, तर इथला कंटेनर आतल्या घटकाचा जन्म आणि शेवट ठरवतो, त्याच्यापर्यंत येणारी प्रत्येक मागणी आधी स्वतः हाताळतो आणि मगच ती पुढे सोडतो. टॉमकॅट हा सर्व्हलेट (वेबवरून आलेल्या मागणीला उत्तर देणारा जावा घटक) कंटेनर आहे, पूर्ण एंटरप्राइझ सर्व्हर नव्हे. सोप पद्धतीची (एक्सएमएल संदेशांवर चालणारी) वेब सर्व्हिस त्यावर चालवायची तर मेट्रो किंवा सीएक्सएफसारखी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वेगळी जोडावी लागते. हा फरक टिपणात स्पष्टपणे यायला हवा, कारण व्यवहारात दोन्हींना सरसकट ‘अ‍ॅप सर्व्हर’ म्हटले जाते.

प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. ‘कनेक्शन पूल’बद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथे शब्दच चकवतो.

डेटाबेसशी नवी जोडणी उघडणे हे वेळखाऊ काम असते : आधी जाळ्यावरून संपर्क, मग नाव आणि पासवर्डची तपासणी, मग डेटाबेसच्या बाजूला त्या जोडणीसाठी जागा राखणे. प्रत्येक मागणीसाठी हे सारे नव्याने करायचे म्हटले तर वेब सर्व्हिस कूर्मगतीने चालेल. म्हणून सर्व्हर काही जोडण्या उघडून ठेवतो, मागणी आली की त्यांतील एक देतो आणि काम झाले की परत घेतो. आता गंमत अशी की प्रोग्राममध्ये ही जोडणी परत करण्याची आज्ञा ‘क्लोज’ अशीच लिहिलेली असते. नवा विद्यार्थी तिचा अर्थ ‘बंद कर’ असा घेतो आणि जोडणी बंद केली तर पुन्हा उघडावी लागेल, या भीतीने ती आज्ञाच गाळतो. प्रत्यक्षात पूलमधून घेतलेल्या जोडणीवर ‘क्लोज’ म्हणजे ‘परत कर’. ती आज्ञा गाळली की जोडण्या एकेक करून अडकत जातात, साठा रिता होतो, नव्या मागण्या ताटकळतात आणि वाट पाहण्याची मुदत संपली की अपयशी ठरतात. डेटाबेस ठणठणीत, सर्व्हरही सुरू, तरी सेवा ठप्प! यालाच ‘कनेक्शन लीक’ म्हणतात. ‘गळती’ हा शब्द येथे चालेल. ‘पूल’साठी मात्र ‘जोडण्यांचा साठा’ लिहावे, कारण देवनागरीत नुसते ‘पूल’ लिहिले तर वाचणाऱ्याला नदीवरचा पूल आठवणार.

प्रश्नकर्त्याकडून

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ‘ट्रान्झॅक्शन’साठी ‘व्यवहार’ लिहिले तर पुरेसे होईल का? वेब सर्व्हिसच्या संदर्भात त्या शब्दाचा अर्थ बदलतो का?

प्रतिसाद

‘व्यवहार’ उत्तम आहे, परंतु त्याला ‘अखंड’ हे विशेषण निदान पहिल्यांदा तरी जोडावे. मराठीत व्यवहार अर्धवट राहू शकतो, फिसकटू शकतो. संगणकाच्या परिभाषेतील ट्रान्झॅक्शन एक तर पूर्ण होते, नाहीतर झालेच नाही असे मानले जाते.

एंटरप्राइझ सर्व्हरचे सामर्थ्य एकाच व्यवहारात दोन डेटाबेस गुंतलेले असतात तेव्हा दिसते. समजा, एका डेटाबेसमधील खात्यातून रक्कम वजा करायची आहे आणि दुसऱ्यातील खात्यात जमा करायची आहे. सर्व्हर आधी दोघांना विचारतो की, तुम्ही तयार आहात का. प्रत्येक डेटाबेस आपला बदल टिकाऊ नोंदीत लिहून ठेवतो आणि होकार देतो. दोन्ही होकार आल्यावरच कायम करण्याचा हुकूम सुटतो; एकाचा जरी नकार आला तरी दोन्हीकडचे बदल मागे घेतले जातात. होकार मिळाल्यानंतर आणि हुकूम पोहोचण्यापूर्वी सर्व्हरच कोसळला तर डेटाबेस स्वतःहून निर्णय घेऊ शकत नाही, तो त्या नोंदी अडवून बसतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की आपली व्यवहारवही वाचून राहिलेला निर्णय कळवतो. म्हणून ती वही ठेवलेली डिस्क साफसफाईच्या नावाखाली पुसू नये, ही सूचना टिपणात ठळक अक्षरांत द्यावी.

वेब सर्व्हिसच्या सीमेवर मात्र ही हमी आपोआप पलीकडे जात नाही. एचटीटीपीवरून केलेली साधी हाक आपल्यासोबत व्यवहार नेत नाही. सोपसाठी डब्ल्यूएस-अ‍ॅटॉमिकट्रान्झॅक्शन हे मानक आहे. रेस्ट पद्धतीत (साध्या एचटीटीपी मागण्यांवर चालणाऱ्या सेवांत) सहसा उलट नोंद करून, म्हणजे वजा झालेली रक्कम नव्या नोंदीने परत जमा करून, काम भागवले जाते. हे ‘मागे घेणे’ नव्हे. ‘रोलबॅक’साठी ‘मागे घेणे’ आणि उलट नोंदीसाठी ‘भरपाई’ असे दोन निराळे शब्द कटाक्षाने वापरावेत.

नावांविषयी आणखी एक बाब राहिली. 2003 च्या जेटूईई 1.4 मध्ये वेब सर्व्हिसेस विनिर्देशाचा भाग झाल्या आणि 2006 च्या जावा ईई 5 पासून (जेटूईईचेच हे नवे नाव) प्रोग्राममधील वर्गावर (क्लासवर) एक खूण लिहिली तरी सर्व्हर त्याची सोप सेवा मांडून तिचे वर्णनपत्रही तयार करू लागला. पुढे ओरॅकलने हा प्रकल्प एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला आणि 2018 मध्ये त्याला जकार्ता ईई हे नाव मिळाले. ‘जावा’ या व्यापारचिन्हाचे हक्क ओरॅकलकडेच राहिले. प्रोग्राममधील घटकसंचांची (पॅकेजेसची) नावे तोवर ‘जावाएक्स’ने सुरू होत; त्या नावाखाली पुढील बदल करण्याची मुभा मिळाली नाही, म्हणून 2020 च्या जकार्ता ईई 9 मध्ये ही नावेही ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. परिणामी जुने उपयोजन नव्या सर्व्हरवर जसेच्या तसे चालत नाही. विद्यार्थी जुने उदाहरण नव्या सर्व्हरवर चढवून पाहतील तेव्हा त्यांना पहिली अडचण हीच येईल, त्यामुळे उदाहरणे कोणत्या आवृत्तीची आहेत ते प्रकरणाच्या आरंभीच नोंदवावे.