हॉटेलात कमरेला पिस्तूल लावून येणाऱ्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणता येतं का?

शैला_धायरी

नमस्कार मंडळी. धायरी फाट्याच्या पुढे आमचं मटण-भाकरीचं हॉटेल आहे. मी आणि माझे धाकटे दीर मिळून चालवतो. दारू नाही, परमिट रूम नाही. रविवारी खडकवासला, सिंहगड करून परतणारी घरंदाज मंडळी हेच आमचं मुख्य गिऱ्हाईक. दुपारी तर पाय ठेवायला जागा नसते.

गेल्या रविवारी एक कुटुंब जेवायला आलं. नवरा-बायको, म्हातारी आई, दोन मुलं. आळणी सूप, दोन मटण थाळ्या, आईंसाठी पिठलं. जेवण झाल्यावर तो गृहस्थ बेसिनवर हात धुवायला वाकला आणि शर्ट वर सरकला. कमरेला तपकिरी चामड्याचं कव्हर, त्यातून पिस्तुलाची काळी मूठ बाहेर आलेली. त्याच्या मागे दुसऱ्या टेबलावरची पाच-सहा वर्षांची मुलगी खरकटे हात वर धरून उभी होती. तिचं तोंड आणि ती मूठ यांत वीतभर अंतर होतं. मी गल्ल्यावरून पाहत होते, माझ्या हातातली चिल्लर तशीच राहिली.

दीर जाऊन हळूच बोलले. माणूस सभ्य होता. "लायसन आहे दादा, काळजी करू नका" म्हणाला, बिल दिलं, वाढप्या पोराला टीप दिली आणि गेला. पण त्या मुलीच्या आईनेही पाहिलं होतं. त्यांनी अर्धं जेवण पार्सल करून मागितलं. आमच्याकडे नवीन लागलेला पोरगा तर नंतर तासभर मोरीपाशीच होता, बाहेर यायला तयार नाही.

मला त्या गृहस्थाचा राग नाही. त्याला कसली भीती असेल ती त्याला ठाऊक. पण हे माझं हॉटेल आहे, इथे लोक लेकरं घेऊन येतात आणि त्यांच्या जिवाची जबाबदारी मी माझी मानते. म्हणून विचारते. परवाना असलेल्या माणसाला मी आत येऊ नका म्हणू शकते का? पाटी लावली तर तिला काही अर्थ आहे का? दिरांचं म्हणणं, गिऱ्हाईक तोडायचं नाही. हेल्मेट ठेवतात तसं पिस्तूल गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवू आणि टोकन देऊ. ज्यांना कायदा माहीत आहे त्यांनी सांगा. आणि जे स्वतः शस्त्र बाळगतात त्यांनीही कृपया लिहा, मला त्यांची बाजू खरंच समजून घ्यायची आहे.

मावळा_९६

ताई, उगाच टेन्शन घेताय. लायसन पोलीस आयुक्त देतात, चौकशी करून देतात. लायसनवाला माणूस हॉटेलात आहे म्हणजे उलट सगळे सुरक्षित.

वकील_कोथरूड

शैलाताई, आधी दिरांना थांबवा. ड्रॉवरची कल्पना आजच्या आज डोक्यातून काढा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवाना त्या माणसाच्या नावावर असतो. दुसऱ्याचं पिस्तूल तुम्ही कुलपात ठेवलंत की ते तुमच्या ताब्यात आलं, आणि तुमच्याकडे परवाना नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. हेतू कितीही चांगला असो, टोकन दाखवून सुटका होणार नाही. शिवाय देणारा गृहस्थही अडकेल. शस्त्र ठेवून घेण्याच्या जागा म्हणजे पोलीस ठाणं किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेता.

आता मूळ प्रश्न. हॉटेल लोकांसाठी उघडं असलं तरी जागा तुमची आहे. आत कोणत्या अटीवर यायचं हे तुम्ही ठरवू शकता. मर्यादा एवढीच की घटनेच्या अनुच्छेद १५(२) प्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात येण्यापासून अडवता येत नाही. 'शस्त्र घेऊन येऊ नका' ही अट त्यात बसत नाही. मात्र ती सगळ्यांना सारखी लावा. ओळखीच्या नगरसेवकाच्या माणसाला सोडलं आणि परक्याला अडवलं असं झालं, की भांडण दुसऱ्याच वळणाला जातं.

त्या गृहस्थाच्या बाजूने कायदा काय म्हणतो तेही सांगतो. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सार्वजनिक जागी शस्त्र कसं न्यायचं ते सांगतो. हँडगन अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा हवा. बाहेर काढून मिरवायला सक्त मनाई. परवान्याच्या अटींमध्ये असंही असतं की खास परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीला किंवा पालखीला कमरेला लावून जाता येत नाही. जेवणाच्या हॉटेलाचं नाव त्यात नाही. त्यामुळे नुसता आत आला म्हणून त्याने गुन्हा केला असं म्हणता येणार नाही. तुम्ही अट सांगितल्यावरही तो अडून बसला, दमदाटी केली, तर गोष्ट बदलते. धाक दाखवण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूने जागेवर ठाण मांडून बसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली फौजदारी अतिक्रमणाचा विषय होऊ शकतो, आणि धमकी दिली तर कलम ३५१.

पाटीबद्दल: आपल्याकडे खास असा कायदा नाही की पाटी ओलांडली म्हणजे आपोआप गुन्हा. पण पाटी असली की 'मला कुणी सांगितलंच नाही' हे म्हणायला जागा उरत नाही.

पंपवाला_नगररोड

ताई, तुम्ही आमची बाजू विचारलीत म्हणून मनापासून लिहितो. माझा पेट्रोल पंप आहे. रोकड बँकेत भरायला जाताना एकदा आमच्या माणसाला चाकू लावला होता, त्यानंतर मी परवाना काढला. .३२ चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे. परवाना मिळताना ते सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लिहून दिलंय आणि ते मी गंभीरपणे घेतो.

लोकांना वाटतं, हा रुबाबासाठी हॉटेलात घेऊन आलाय. असे आहेत, नाही म्हणत नाही. दाखवायला म्हणून शर्ट मुद्दाम तोकडा घालणारे मीही पाहिलेत आणि त्यांची मला चीड येते. पण बाकीच्यांची अडचण वेगळी आहे. बँकेतून परतताना भूक लागली तर रिव्हॉल्व्हर ठेवू कुठे? गाडीत ठेवून गेलो आणि काच फोडून कुणी नेलं, तर परवाना जाईलच, पण ते कुणाच्या हातात पडेल या विचाराने झोप लागणार नाही. म्हणून गाडीत मी कधीच ठेवत नाही. तुम्ही मला टेबलापर्यंत येऊ दिलंत आणि मग 'बाहेर ठेवून या' म्हणालात, तर तुम्ही मला नेमकं तेच करायला लावताय.

म्हणून माझी एकच विनंती. पाटी गल्ल्यावर लावू नका. पार्किंगच्या तोंडाशी लावा, गाडी आत वळायच्या आधी वाचता येईल अशी. मी वाचेन आणि पुढे निघून जाईन, वाईट मुळीच वाटणार नाही. फोनवर टेबल बुक करणाऱ्यांनाही तेव्हाच सांगा.

आणि बायको-मुलांबरोबर जेवायला जाताना शस्त्र घरच्या तिजोरीत राहतं. रोकड नाही तर ते बरोबर कशाला? निवडणुकीच्या वेळी नोटीस आली की आम्ही ठाण्यात जमा करतो, पावती घेतो, आणि तेवढे दिवस त्याच्याशिवाय राहतोच की.

बेसिनवर वाकल्यावर मूठ दिसली याचा अर्थ ते पूर्ण झाकलेलं नव्हतं. मागून कुणीही हात घालू शकलं असतं. मुलांच्या उंचीवर उघडी मूठ ठेवून रांगेत उभं राहणं मला तरी पटत नाही, परवाना असो नाहीतर नसो.

मीनल_डॅलस

मी मूळची सदाशिव पेठेतली, आता टेक्सासमध्ये. इथे हा प्रश्न रोजचा आहे. २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. त्यामुळे दुकानदाराला नको असेल तर त्याने सांगायचं, असा हिशेब आहे. सांगायची पद्धत कायद्यात लिहिली आहे. परवानाधारकाच्या लपवलेल्या बंदुकीसाठी '३०.०६' ची पाटी, उघड्या बंदुकीसाठी '३०.०७' ची. मजकूर ठरलेला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, अक्षरं किमान एक इंच उंच. पाटी असताना आत गेलं तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही निघालं नाही तर गुन्हा मोठा होतो. २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमधल्या गोळीबारानंतर वॉलमार्टने उघड्यावर बंदुका आणू नका अशी विनंती केली, पण परवानाधारकाच्या लपवलेल्या बंदुकीला तेव्हाही मनाई केली नाही.

हवाईने २०२३ मध्ये नेमकं उलट केलं. मालकाने स्पष्ट 'या' म्हटल्याशिवाय त्याच्या दुकानात, हॉटेलात बंदूक न्यायचीच नाही. तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मला स्वतःला हवाईची रीत बरोबर वाटते. मुलीला घेऊन किराणा आणायला गेले की अजूनही माझी नजर आधी दारावरच्या पाटीकडे जाते.

निवृत्त_खाकी

नोकरी पोलीस खात्यात झाली, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. परवाना दाखवा असं फर्मावण्याचा अधिकार कलम १९ प्रमाणे पोलिसांना आहे, वाढप्याला नाही. तुम्ही विचारू शकता, त्याने नाही दाखवला तर ओढाताण करू नका. कुणालाही कमरेला हात लावू देऊ नका. पोरांना शिकवा, "पिस्तूल, पिस्तूल" असं ओरडायचं नाही, मुकाट्याने येऊन मालकाला सांगायचं. मालकाने बाजूला उभं राहून हळू आवाजात बोलायचं, समोर छाती काढून नाही. चारचौघांत अपमान झाला की शांत माणूसही बिथरतो.

शस्त्र टेबलावर काढून ठेवलं, दारू पिऊन आलाय असं दिसलं, किंवा आवाज चढला, तर वाद थांबवा, जवळची टेबलं काहीतरी कारण काढून रिकामी करा आणि ११२ लावा. हॉटेलचं नाव, खूण, माणूस कुठे बसलाय, अंगात काय कपडे आहेत एवढं सांगा. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. पिस्तूल खरं आहे की तसा दिसणारा लायटर, हे ओळखत बसू नका. ते काम आमच्या लोकांचं.

शैला_धायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रॉवरचं दिरांना वाचून दाखवलं, ते एकदम गप्प झाले.

मावळादादा, तुमचं वाचून रात्री बराच वेळ विचार केला. लायसन देताना चौकशी होते हे मान्य. पण ते पाच वर्षांचं असतं. माझ्या दारात उभा असलेला माणूस आज कुणाशी भांडून आलाय, घरी काय झालंय, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. रविवारी टेबलाच्या रांगेवरून दोन कुटुंबं हमरीतुमरीवर आलेली मी कितीदा पाहिलीत. पाण्याचा जग फेकून मारलेलाही पाहिलाय. तिथे कुणाच्या कमरेला पिस्तूल असेल तर जग फेकण्यावर भागेल का? आणि माझ्याकडचा तो मोरीपाशी थांबलेला पोरगा, त्याच्या आईने त्याला माझ्या भरवशावर पुण्याला पाठवलंय. त्याला सुरक्षित वाटलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पंपवाले दादा, पार्किंगच्या तोंडाशी पाटी लावायचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आणि तुमच्यासारख्याला उपाशी पाठवायचं नाही म्हणून आम्ही ठरवलंय, गेटवर फोन नंबर लिहायचा. गाडीतूनच फोन करा, पार्सल गाडीपाशी आणून देऊ. भाकरी गरमच मिळेल.

पाटीचा मजकूर असा करतोय: 'हे कौटुंबिक हॉटेल आहे. कृपया पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा कोणतंही शस्त्र घेऊन आत येऊ नये. आम्ही शस्त्र ठेवून घेत नाही. पार्सलसाठी फोन करा.' वकीलसाहेब, चालेल का? आणि ड्युटीवरचे पोलीस जेवायला येतात, त्यांचं काय?

वकील_कोथरूड

मजकूर चांगला आहे, दोन भर घाला. 'कोणतंही शस्त्र' च्या पुढे 'परवाना असला तरीही' हे शब्द हवेतच, नाहीतर प्रत्येक जण कागद काढून दाखवेल आणि गेटवर वाद होईल. खाली बारीक अक्षरांत 'कर्तव्यावरील पोलीस व सुरक्षा दलांचे कर्मचारी वगळून' असं लिहा. कर्तव्यावर असलेल्या अंगरक्षकांचाही प्रश्न त्यात मिटतो. 'आम्ही शस्त्र ठेवून घेत नाही' हे वाक्य मात्र ठळक करा, आणि तीच पाटी गल्ल्याजवळ दुसऱ्यांदा लावा. छापायला टाकण्याआधी एकदा इथे मजकूर टाका, मी पाहून देतो.