बॅलास्टच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हसाठी हवेवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर कसा निवडावा?

प्रश्न (थर्ड इंजिनिअर, मालवाहू जहाज)
नमस्कार. येत्या ड्रायडॉकमध्ये (जहाज पाण्याबाहेर घेऊन होणाऱ्या दुरुस्तीत) आमच्या बॅलास्ट लाइनवरील (जहाजाचा तोल राखणाऱ्या पाण्याच्या नळीवरील) २०० मिलिमीटरच्या, रबरी सीटच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हचे (फिरत्या चकतीने, म्हणजे डिस्कने, नळी बंद करणाऱ्या झडपांचे) अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारी यंत्रे, बदलायचे आहेत. कंट्रोल एअर ७ बारची असल्याने पुरवठादाराने ७ बारच्या तक्त्यातून, व्हॉल्व्हच्या टॉर्कला (फिरवण्यास लागणाऱ्या जोराला) जेमतेम पुरेल असा स्प्रिंग-रिटर्न (हवा गेल्यावर स्प्रिंगने परत फिरणारा) अ‍ॅक्च्युएटर सुचवला आहे. ही निवड योग्य आहे का, आणि बसवताना काय पाहावे?

उत्तर १ (चीफ इंजिनिअर)
जेमतेम पुरणारा अ‍ॅक्च्युएटर घेऊ नये. ७ बार हा कंट्रोल रूममधील गेजवरचा आकडा झाला; फिल्टर तुंबला किंवा एकदम तीन-चार व्हॉल्व्ह हलवले, की लांबच्या व्हॉल्व्हपाशी दाब ५.५ बारपर्यंतही उतरू शकतो, म्हणून तक्ता तेथे मोजलेल्या किमान दाबाचाच वाचावा. शिवाय रबरी सीट दीर्घकाळ बंद राहिल्यास डिस्कला चिकटते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या टॉर्कवर २५ ते ३० टक्के वाढ धरणे शहाणपणाचे.

स्प्रिंगच्या बाबतीत तर आणखी एक मेख आहे. हवा गेल्यावर बंद होणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये स्प्रिंगचा जोर बंद होण्याच्या सुरुवातीला सर्वाधिक आणि शेवटी सर्वांत कमी असतो, आणि डिस्कला रबरात घुसण्यासाठी जोर लागतो तो नेमका शेवटीच. म्हणून स्प्रिंगच्या शेवटच्या टॉर्कशी तुलना करावी; तशी केल्यास अ‍ॅक्च्युएटर बराच मोठा निघतो. इंधन टाकीच्या क्विक-क्लोजिंग (आणीबाणीत झटकन बंद होणाऱ्या) व्हॉल्व्हला स्प्रिंग किंवा तत्सम सोय हवीच, पण बॅलास्टला माझी पसंती डबल अ‍ॅक्टिंगलाच (उघडणे आणि बंद करणे दोन्ही हवेनेच करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला) राहील. मात्र हवा गेल्यावर व्हॉल्व्ह आपसूक उघडणार नाही आणि हाताने चालवता येईल, हे क्लासच्या (जहाज प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) नियमांशी ताडून पाहावे.

उत्तर २ (सेकंड इंजिनिअर)
सरांचे म्हणणे मान्य, पण वाढ धरताना व्हॉल्व्हच्या स्टेमची (डिस्क फिरवणाऱ्या दांड्याची) मर्यादाही पाहावी. ५.५ बारवर निवडलेला अ‍ॅक्च्युएटर पूर्ण ७ बारवर बराच जास्त टॉर्क देतो आणि अडकलेल्या डिस्कवर तो सगळा भार स्टेम सोसते.

उत्तर ३ (जहाजदुरुस्ती, फिटर)
फ्लँज आयएसओ ५२११ मापाचे (अ‍ॅक्च्युएटर व्हॉल्व्हवर बसवण्याच्या प्रमाणित मापाचे) असले तरी बोल्ट लगेच आवळू नयेत. आधी हवेवर दोन-तीनदा उघडझाप करून स्टेम मध्यावर बसू द्यावी. स्टॉप बोल्ट डिस्कची प्रत्यक्ष जागा पाहून लावावेत, वरच्या दर्शकावर विसंबू नये. तांब्याची नळी थेट अ‍ॅक्च्युएटरला जोडल्यास कंपनाने फ्लेअरपाशी (जोडणीसाठी पसरट केलेल्या टोकापाशी) चिरते, त्यामुळे शेवटचा हातभर भाग लवचिक होजचा ठेवावा. सोलेनॉइडची (अ‍ॅक्च्युएटरला हवा देणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) एक्झॉस्ट तोंडे खाली वळवावीत आणि लाइनच्या सर्वांत खालच्या जागी ड्रेन ठेवावा, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये शिरते. डेकवरील अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेस बोल्ट घालताना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारे वंगण) लावले नाही, तर पुढच्या ड्रायडॉकला ते ड्रिलनेच काढावे लागतात.