अनिरुद्ध जगन्नाथ : मुत्सद्दी, की युतीच्या गणिताचे लाभार्थी?

अक्षांश_वीस :
मॉरिशसचे अनिरुद्ध जगन्नाथ तीन खेपा मिळून साडेअठरा वर्षं पंतप्रधान होते (१९८२–९५, २०००–०३, २०१४–१७). आपल्याकडे त्यांची ओळख ठरलेली : 'आर्थिक चमत्काराचे शिल्पकार'. मला ते पटत नाही. युती कधी जुळवायची नि कधी मोडायची, हे त्यांचं खरं कसब. उरलेलं काम निवडणूक पद्धतीने केलं.

मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी ३ जागा. मतदाराने बरोबर तीन फुल्या मारायच्या. दोनच मारल्या तर मत बाद. रॉड्रिग्स या लहान बेटाच्या २ धरून जागा ६२. त्यामुळे एका आघाडीचे तिघे बहुधा एकत्रच तरतात नाहीतर एकत्रच बुडतात. १९८२ मध्ये एमएमएमच्या, म्हणजे जगन्नाथांच्या तेव्हाच्या पक्षाच्या, आघाडीने मुख्य बेटावर ६०-० असा धुव्वा उडवला. नऊ महिन्यांत अर्थमंत्री पॉल बेरांजे बहुतेक मंत्र्यांना घेऊन बाहेर पडले. जगन्नाथांनी एप्रिल १९८३ मध्ये एमएसएम हा स्वतःचा पक्ष काढला आणि ज्या मजूर पक्षाला वर्षभरापूर्वी भोपळा दिला होता त्याच्याशीच सोयरीक केली. ऑगस्टच्या निवडणुकीत एमएमएमला सुमारे ४६ टक्के मतं, तरी ६० पैकी जागा १९! यात मुत्सद्देगिरी कुठली?

उसाचं_पाचट :
पद्धत सगळ्यांना सारखीच होती. १९९५ मध्ये तिनेच त्यांना ६०-० ने घरी बसवलं, स्वतःची जागासुद्धा गेली. तरी २००० मध्ये ते परत आलेच ना?

राहिला चमत्कार. निर्यात क्षेत्राचा (निर्यातीच्या कारखान्यांना सवलती देणारा) कायदा १९७० चा, म्हणजे मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या काळातला, हे कबूल. पण ते क्षेत्र भरलं १९८३ नंतर. कामगार वीसेक हजारांवरून १९९० पर्यंत ९० हजारांच्या घरात गेले आणि त्यात बायका बहुसंख्य. पुढे १९८९ मध्ये शेअर बाजार, मग मुक्त बंदर. एका उसावर जगणाऱ्या देशाने दहा वर्षांत कापड, पर्यटन आणि वित्तसेवा उभी केली. हे फुल्या मोजून होत नाही.

अक्षांश_वीस :
कापड आलं ते हाँगकाँगवाल्यांमुळे. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार याची धास्ती, शिवाय हाँगकाँगच्या कापडावर कोटा, आणि मॉरिशसच्या मालाला लोमे करारामुळे युरोपात शुल्क नाही. पाऊस पडला म्हणून शेतकऱ्याला शिल्पकार म्हणत नाहीत.

उसाचं_पाचट :
पेरलं नसेल तर पाऊस पडूनही तणच उगवतं. लोमेची सवलत आफ्रिकेतल्या कितीतरी देशांना होती. तिथे का नाही गिरण्या आल्या?

ओसरीवरून :
मराठीशी थेट नातं असलेला प्रसंग दोघांनीही सोडला. १९९५ ची निवडणूक भाषेवरून लागली होती. सहावीच्या शेवटी सीपीई परीक्षा असे आणि तिच्या क्रमवारीवर नामांकित माध्यमिक शाळांत प्रवेश मिळे. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी शिकणाऱ्यांचे त्या विषयाचे गुण क्रमवारीत धरत नसत. ते धरण्याचा नियम सरकारने केला, सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला. मग घटनादुरुस्ती आणली, तिला पुरेशी मतं पडली नाहीत आणि जगन्नाथांनी संसद विसर्जित केली. हिशेब असा की भारतीय वंशाचे मतदार एकगठ्ठा मागे येतील. ते आले नाहीत, कारण समोर मजूर पक्ष आणि एमएमएम एकत्र होते. गंमत म्हणजे १९९८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (मॉरिशसचं शेवटचं अपील तिथे चालतं) सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल फिरवला. तोवर सरकार जाऊन दोन वर्षं उलटली होती.

म्हणजे अक्षांश यांचा 'गणिती' इथे सपशेल चुकला.

शून्य_टक्के :
भारताबरोबरचा करकरारही विसरू नका. ऑगस्ट १९८२ मध्ये सही झाली तेव्हा पंतप्रधान तेच. भारतीय शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसला, आणि मॉरिशस तो लावत नव्हतं. वर्षानुवर्षं पैसा त्या वाटेने आला. १० मे २०१६ रोजी दुरुस्तीवर सही झाली, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर भारताला कर लावता येऊ लागला. तेव्हाही पंतप्रधान तेच! ज्याने दार उघडलं त्याच्याच कारकिर्दीत ते लागलं.

अक्षांश_वीस :
१९९५ चा मुद्दा मान्य. पण २०१७ चं काय? २३ जानेवारीला राजीनामा दिला आणि मुलगा प्रविंद पंतप्रधान झाला, निवडणूक न होता. विरोधक त्याला 'पापा-पिती' (बापलेकांचा) सौदा म्हणाले ते उगाच नाही.

उसाचं_पाचट :
घटनेत बसतं. बहुमताचा पाठिंबा ज्याला दिसेल त्याला राष्ट्रपती नेमतो. शोभतं का, तर नाही, तिथे मी तुमच्या बाजूने.

पण गणिताचा सिद्धांत २०१४ पुढे टिकत नाही. मजूर पक्ष आणि एमएमएम, दोन सगळ्यात मोठे पक्ष एकत्र. कागदावर त्यांचाच विजय. ८४ वर्षांच्या जगन्नाथांच्या आघाडीने ४७ जागा घेतल्या, त्यांना १३. मजूर पक्षाचे नवीन रामगुलाम (शिवसागर यांचे पुत्र) यांनी थेट निवडलेला, जास्त अधिकारांचा राष्ट्रपती हवा म्हणून 'दुसरं प्रजासत्ताक' पुढे केलं. लोकांना वाटलं, रामगुलाम आणि बेरांजे आपापसांत खुर्च्या वाटतायत. जगन्नाथांनी म्हातारपणाचं पेन्शन ५,००० रुपये करू म्हणून सांगितलं, आणि केलंही.

ओसरीवरून :
आणि चागोस, म्हणजे ब्रिटनने १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडलेली बेटं. १९६५ च्या लंडन परिषदेला हजर असलेला हा माणूस २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे स्वतः बोलला. त्याआधी २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा प्रश्न त्या न्यायालयाकडे नेण्याचा ठराव ९४ विरुद्ध १५ ने मंजूर झाला होता. तिथे तीन फुल्यांची सोय नव्हती.