लांब इंग्रजी शब्द शिकवताना आधी तुकडे पाडावेत की आधी आघात, म्हणजे कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा ते, सांगावा?

इंग्रजीची शिक्षिका, राजारामपुरी:
लांब इंग्रजी शब्दांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर सारख्याच जोराने टाळी वाजवायला लावणे ही सवय आपण मोडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मराठी माध्यमातली माझी आठवीची मुले 'यु-नि-व्हर्-सि-टी' पाच टाळ्यांत बिनचूक मोजतात. पण 'युनिव्हर्स'मध्ये 'यु'वर असलेला जोर शेवटी 'इटी' लागताच 'व्हर्'वर सरकतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. 'फोटोग्राफ'पासून 'फटॉग्रफी' होताना तर जोर पुढे जातो आणि मागचा 'फो' विरून नुसता 'फ' उरतो. आपल्याला हे परके वाटू नये, कारण 'लाकूड'चे 'लाकडाला' होताना 'ऊ' जातोच आणि 'कोल्हापूर'चे 'कोल्हापुरी' होताना 'पू' आखूड होतोच.

एक पालक, शाहूपुरी:
मॅडम, मला हे पटत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला आधी शब्द वाचता आणि लिहिता आला पाहिजे. 'कम्फर्टेबल' बोलताना बहुधा तीनच तुकडे ऐकू येतात, पण माझा मुलगा बोट ठेवून 'कम-फर्ट-ए-बल' असे चार तुकडे करतो, म्हणूनच त्याचे स्पेलिंग चुकत नाही. आपण सगळेच 'वेड-नेस-डे' घोकून बुधवार लिहायला शिकलो. शिवाय शब्दाच्या शेवटच्या 'इक'च्या आधीच्या तुकड्यावर जोर असतो असे शिकवले, की 'पॉलिटिक्स' आणि 'कॅथलिक' आडवे येतात, त्यांचे काय करायचे?

शिक्षिका:
अपवाद आहेत, हे मान्य. पण ते मोजके आहेत, आणि शब्दाच्या शेवटच्या 'शन'च्या आधीच्या तुकड्यावर जोर हा नियम तर क्वचितच दगा देतो. स्पेलिंगसाठी पाडलेले तुकडे वहीत जरूर ठेवावेत, मात्र तेच तोंडात ठेवू नयेत. मी बाकावर ठोकायला सांगते: जोराच्या तुकड्याला तळहात, बाकीच्यांना एक बोट. परवा एक मुलगी 'डेव्हलपमेंट'च्या 'डे'वर तळहात मारत होती. तो तळहात तिने दुसऱ्या तुकड्यावर नेला आणि पहिला 'डे' आपोआप 'डि' झाला. मी तिला उच्चार सांगितलाच नव्हता.

महाविद्यालयीन विद्यार्थी, मंगळवार पेठ:
मॅडम, 'डे'वर जोर देऊनही आपल्याकडे सर्वांना कळतेच, मग लंडनचा उच्चार कशासाठी?

शिक्षिका:
बोलण्यापेक्षा ऐकण्यासाठी तो जास्त लागतो, दादा. 'रेकॉर्ड'चा जोर पहिल्या तुकड्यावर असला की नाम आणि दुसऱ्यावर असला की क्रियापद. हा फरक ज्याच्या कानाला माहीतच नाही, त्याला भराभर बोललेले इंग्रजी वाक्य ओळखीच्या शब्दांचे असूनही निसटते.

पालक:
ऐकण्याचा मुद्दा मला पटला. तरी पाचवीपर्यंत वहीतले तुकडेच पुरेत, तळहात सहावीपासून सुरू करावा, असे माझे म्हणणे कायम आहे.