पलांगाच्या राजवाड्याचे ते छायाचित्र

ए-१०४ : सकाळी ग्रुपवर आलेल्या रंगीत छायाचित्राखाली ‘रशियन झारचा समुद्रकाठचा उन्हाळी राजवाडा, झारच्या काळातील दुर्मीळ फोटो’ असे लिहिले आहे. मुलीकडे दोन उन्हाळे लिथुआनियात राहून आलेल्या काकांनाच विचारते, हे खरे आहे का?

सी-५०३ : ताई, वास्तू खरी आहे, मजकूर खोटा आहे. बाल्टिक समुद्रकाठच्या पलांगा गावातील हा राजवाडा तिश्किएविच या सरदार घराण्याचा. झारचे राज्य तिथे होते, पण घर त्याचे नव्हते. या घराण्याने १८२४ मध्ये पलांगाची जहागीर विकत घेतली, तेव्हा ते मासेमारीवर जगणारे एक छोटे गाव होते. पुढे योझेफ तिश्किएविच यांनी १८८० च्या दशकात समुद्रात लाकडी धक्का बांधला, तो हवा खायला येणाऱ्यांसाठी नव्हे, तर विटा जहाजाने लिएपाया बंदराकडे पाठवता याव्यात म्हणून. समुद्राने मात्र तिथे इतकी वाळू आणून टाकली की जहाजे लागेनाशी झाली, आणि १८९२ पासून धक्का फिरणाऱ्यांचा झाला. सूर्यास्त पाहायला आज सारा गाव जिथे लोटतो, ती जागा मुळात एका फसलेल्या बंदराची आहे, हे मला फार गमतीचे वाटते. (जुना धक्का १९९३ च्या वादळाने मोडला, सध्याचा ४७० मीटर लांबीचा नंतर बांधलेला आहे.)

बी-२०२ : काका, राजवाड्याभोवती उद्यान असल्याचे म्हणतात, पण छायाचित्रात कडेला नुसती पाइनची झाडी दिसते. उद्यान कुठे आहे?

सी-५०३ : तुम्ही पाहता आहात तेच उद्यान, आणि ते जंगल वाटावे यातच करणाऱ्याचे कसब आहे. योझेफ यांचे पुत्र फेलिक्स यांनी १८९७ मध्ये राजवाडा बांधून घेतला. त्याचे वास्तुकार फ्रान्झ श्वेख्टेन, म्हणजे बर्लिनचे कैसर विल्हेल्म स्मारक चर्च ज्यांनी उभारले तेच. उद्यानासाठी फ्रान्सहून एदुआर आंद्रे यांना बोलावले गेले. लिव्हरपूलच्या सेफ्टन पार्कच्या आखणीत त्यांचा वाटा होता आणि तिश्किएविच घराण्यासाठी त्यांनी लिथुआनियात आणखी तीन उद्याने आखली. पलांगात मात्र हाताशी होती वाळू, खारा वारा आणि जुने पाइनवन. दुसऱ्या कोणी ते वन तोडून सरळ रेषांचे ताटवे मांडले असते. आंद्रे यांनी ते राखले आणि त्यातून अशा वळणावळणाच्या वाटा काढल्या की राजवाडा झाडांच्या फटीतून दिसतो, वळणावर नाहीसा होतो आणि पुन्हा भलत्याच बाजूने समोर येतो. गुलाबांच्या ताटव्यांपासून निघून पंधरा-वीस मिनिटे सावकाश चालत राहिले, की पायाखालची माती भुसभुशीत होऊ लागते, पाइनच्या सुया वाळूत मिसळतात, लाटांचा आवाज येतो, आणि उद्यान कुठे संपले व किनारा कुठे सुरू झाला हे नेमके सांगता येत नाही.

त्याच झाडीत बिरूतेची टेकडी आहे. आख्यायिका अशी की पवित्र अग्नी राखणाऱ्या बिरूतेला राजा केस्तुतिसने इथूनच नेले आणि तिच्याशी विवाह केला. लिथुआनियाचा महान शासक व्हितौतस हा त्यांचा मुलगा. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी उत्खननात टेकडीवर ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या, म्हणजे तिथल्या मूळ उपासनेच्या, पूजास्थानाच्या खुणा सापडल्या आहेत, आणि माथ्यावर १८६९ मधील लहानसे चॅपल आहे. आंद्रे यांनी ही टेकडी उद्यानाच्या रचनेत सामावून घेतली.

ए-१०४ : फेलिक्स यांच्यानंतरही राजवाडा घराण्याकडेच राहिला का?

सी-५०३ : १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता येईपर्यंत राहिला. १९६३ पासून तिथे अंबराचे संग्रहालय आहे. अंबर म्हणजे आपला तृणमणी, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा गोठलेला डिंक. लोकरीवर घासला की वाळलेले गवत ओढून घेतो, म्हणून हे नाव. वादळानंतरच्या सकाळी किनाऱ्यावरच्या समुद्रशेवाळात त्याचे मुगाच्या दाण्याएवढे तुकडे मिळतात. मुलीने मला खूण शिकवली होती : भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात तृणमणी तरंगतो, गारगोटी बुडते. मी जमवलेल्या अकरा तुकड्यांपैकी नऊ बुडाले.

डी-३०१ (सचिव) : विषयाला धरूनच विचारतो. लिथुआनियाला समुद्र या गावामुळे मिळाला, असे ऐकले होते. त्यात तथ्य आहे का?

सी-५०३ : बऱ्याच अंशी आहे, सचिवसाहेब. १८१९ मध्ये रशियन प्रशासनाने पलांगा कुर्लंड प्रांताला जोडले. त्याचा अनपेक्षित फायदा असा झाला की शेजारच्या प्रांतांत लिथुआनियन भाषेची गळचेपी चालू असताना १८९९ मध्ये पलांगात त्या भाषेतील नाटकाचा जाहीर प्रयोग होऊ शकला. तोटा असा, की साम्राज्य कोसळल्यावर कुर्लंडबरोबर गावही लाटव्हियाकडे गेले. अखेर १९२१ मध्ये लवादाने पलांगा व शेजारचे श्वेंतोयी लिथुआनियाला दिले, आणि १९२३ मध्ये क्लाइपेडा हे बंदर मिळेपर्यंत त्या देशाकडे समुद्रकिनारा होता तो एवढाच, जेमतेम वीस किलोमीटरचा.

डी-३०१ (सचिव) : मग छायाचित्र निदान झारच्या काळातील तरी मानायचे का?

सी-५०३ : राजवाड्यासमोरील गोल ताटवा मोठा करून पाहा. तिथे फेलिक्स यांनी आशीर्वाद देणाऱ्या ख्रिस्ताचा पुतळा उभा केला होता. सोव्हिएत काळात तो हटवला गेला आणि १९९३ मध्ये पुन्हा बसवला. या छायाचित्रात पुतळा नाही, आणि पायऱ्यांवरच्या मुलीच्या खांद्याला प्लास्टिकची बॅग आहे.

ए-१०४ : पाहिले, काका. ज्या ग्रुपवरून मला हे आले होते, तिथे आपला खुलासा पाठवते.