सूतपुत्रातला ‘सूत’ आणि सूतोवाचातला ‘सूत’

प्रश्न (परभणीहून) : सातवीच्या वर्गात कर्णाचा विषय निघाला. एका मुलीनं विचारलं, “सर, सूतपुत्र म्हणजे सूत कातणाऱ्याचा मुलगा का?” सगळा मुलुख कापसाचा, तिला सूत म्हटल्यावर तेच आठवणार. सारथ्याचा मुलगा, असं मी सांगितलं. पण पेपरात ‘मंत्र्यांनी सूतोवाच केले’ असं येतं, तो सूत कोणता?

उत्तर (अंबाजोगाईहून) : सर, मुलीचा प्रश्न चांगला आहे. कातायचं सूत आलं ‘सूत्र’ या शब्दावरून. कर्णाचा सूत वेगळा, तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. लिहितानाही फरक दिसतो : कापसाच्या सुताचा पीळ, पण सूताचा रथ. तत्सम शब्दातला दीर्घ ऊ तसाच राहतो.

या सूताकडं दोन कामं होती. घोडे हाकायचे आणि राजांच्या कुळाच्या, पराक्रमाच्या कथा सांगायच्या. पुराणांत जागोजाग ‘सूत उवाच’ येतं, त्यावरून आपलं सूतोवाच. नैमिषारण्यात ऋषींना महाभारत ऐकवणारा उग्रश्रवा सौती सूत, धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजयही सूतच. म्हणजे ज्या शब्दानं कर्णाला आयुष्यभर टोचलं, त्याच शब्दाच्या माणसांच्या तोंडून त्याची कथा आपल्यापर्यंत आली. हे मला फार मोठं वाटतं. वर्गात जरूर सांगा.

(सूतोवाच म्हणजे पुढं होणाऱ्या गोष्टीचा आधी केलेला उल्लेख. नुसतं ‘बोलले’ या अर्थी तो वापरू नये.)

आता दुसरा शब्द बघा, प्रतोद. राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याच्या आखाड्यात कृपाचार्य कर्णाला कूळ विचारतात, दुर्योधन तिथल्या तिथं त्याला अंगदेशाचा राजा करतो. तेवढ्यात त्याला वाढवणारा म्हातारा सारथी अधिरथ काठी टेकत, घामाघूम होऊन आत येतो. अभिषेकाच्या पाण्यानं ओलं झालेलं डोकं कर्ण भर सभेत त्याच्या पायावर ठेवतो आणि बापाच्या आसवांनी ते पुन्हा भिजतं. ते पाहून भीम म्हणतो, तुझ्या कुळाला शोभेल असा प्रतोद हातात घे. तुद् म्हणजे टोचणं, ढोसणं. प्रतोद म्हणजे जनावर हाकायचा चाबूक. आमच्याकडं बैलाला टोचायची पराणी असते, तिच्याच जातीचं हत्यार. आज विधिमंडळात पक्षाचा ‘मुख्य प्रतोद’ असतो आणि ते पद मानाचं समजतात.

भर (लातूरहून) : ‘कवचकुंडलं’बद्दलही लिहा. “पुढाऱ्याची कवचकुंडलं काढून घेतली” असं वाचलं की खटकतं.

उत्तर : खटकायलाच पाहिजे. कर्णाची कोणी काढून घेतली नव्हती. ब्राह्मणाच्या रूपात इंद्र येणार, हे सूर्यानं त्याला आधीच स्वप्नात बजावलं होतं. तरी त्यानं अंगाबरोबर जन्मलेलं कवच शस्त्रानं कापून रक्तासकट हातावर ठेवलं. त्याचं पहिलं नाव वसुषेण. या कापण्यावरून तो वैकर्तन झाला, असं महाभारतच सांगतं. विकर्तन हे सूर्याचंही नाव, म्हणून सूर्यपुत्र हाही अर्थ त्यात बसतो. तेव्हा ‘कवचकुंडलं उतरवून दिली’ म्हणा, देणारा माणूस वाक्यात दिसू द्या. ‘दानशूर’ शब्दही जपून वापरावा. शाळेच्या कोनशिलेवर प्रत्येक देणगीदाराच्या नावामागं तो कोरलेला असतो. भरल्या कणगीतून पायली काढून देणारा दाता, त्याचे आभार मानावेतच. पण ‘शूर’ म्हणायचं तर दिल्यावर स्वतःच्या जिवावर बेतलं पाहिजे.

प्रश्न (परभणीहून) : शेवटचं विचारतो. इतक्या नावांत त्याला स्वतःला कोणतं प्रिय होतं?

उत्तर : राधेय, असं मी म्हणेन. कुंतीचा म्हणून कौंतेय तोही होता. लग्नाआधीचा म्हणून कानीन, व्यासही कानीनच. पण उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्म सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण त्याला वाढवणाऱ्या राधेचं, अधिरथाच्या बायकोचं, नाव घेतो. मला पाहून तिला लगेच पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिचं पिंडदान मी कसं मोडू, असं विचारतो.

हे वाचलं की मला आमची मोठी चुलती आठवते. तिला मूलबाळ नव्हतं. आई गेलेल्या पुतण्याला तिनं वाढवलं. तो शहरातून आला आणि ‘काकू’ म्हणाला, तेव्हा ज्वारी पाखडता पाखडता सूप खाली ठेवून ती म्हणाली, “हागमूत म्यां काढलं बाबा तुझं, आन् काकू म्हणायलास?” तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि “आई, पाणी दे,” म्हणाला.