अनुभव धागा : पाखरांचं दाणापाणी आणि घरटी, कमी खर्चात

गच्चीवाली :
उन्हाळा जवळ आला की ऑनलाइन बर्ड फीडरच्या जाहिराती सुरू होतात. सहाशे-सातशे रुपयांचं प्लास्टिकचं नळकांडं आणि वर 'प्रीमियम सीड मिक्स', ते वेगळंच महाग. त्या मिक्समध्ये असतं काय तर बाजरी, राळा, मक्याची भरड आणि चार सूर्यफुलाच्या बिया, म्हणजे मंडईत निम्म्याहून कमी पैशात मिळेल असा माल. म्हणून हा धागा काढलाय. अंगण असो, परसू असो, नुसती गॅलरी असो नाहीतर खिडकीचा कठडा, काय ठेवता, कोण कोण येतं, खर्च किती, सगळं लिहा. पेट्या बनवल्या असतील तर मापासकट लिहा. पिंजऱ्यातले पोपट इथे नकोत प्लीज, मागे त्यावरून फार भांडणं झालीत.

सुरुवात मीच करते. पुण्यात टेरेस फ्लॅट. कुंडीखालच्या दोन मातीच्या बशा, एकीत मूठभर बाजरी आणि तांदळाची कणी, दुसरीत फळं. मूठभर म्हणजे खरंच मूठभर, सकाळी दहापर्यंत संपेल एवढंच, कारण उरलं की पारवे आलेच. फळांना पैसे लागत नाहीत, आमचा केळेवाला काळी पडलेली केळी तशीच देतो आणि पपई कापताना बियांकडचा मऊ गर राहतो तो जातो बशीत. बुलबुल दोन्ही येतात, लालबुड्या आणि शिपाई, चष्मेवाल्या पाखरांचं टोळकं येतं. पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त गर्दी बशीला नसते, कढीपत्त्याला असते. त्याची फळं काळी झाली की कोकिळासुद्धा येऊन बसते. वीस रुपयांचं रोप होतं ते!

पडवी :
ताई चांगला विषय. आमच्याकडे सिंधुदुर्गात भात कापला की झोडायच्या आधी चांगल्या भरलेल्या लोंब्या बाजूला काढून त्यांची जुडी करतात आणि पडवीत वाशाला टांगतात. दसऱ्याच्या तोरणातही नवीन लोंब्या असतातच, त्या नंतर काढून टाकायच्या नाहीत, पाखरं आपोआप साफ करतात. चिमण्या येतात आणि ठिपकेवाल्या मनोल्या येतात, लोंबीला उलट्या लटकून दाणा काढतात ते बघत बसावं. खर्च काही नाही.

पाण्याला करवंटी. अर्ध्या करवंटीला काठाला तीन भोकं, सुंभाने बांधून पेरूच्या झाडाला. प्लास्टिक उन्हात तापतं तशी करवंटी तापत नाही. एक मात्र सांगतो, कोकणात दाणा जमिनीवर टाकू नका. दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर काय येतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जे काय असेल ते टांगून ठेवा, आणि खाली सांडलेलं संध्याकाळी झाडून घ्या.

वैदर्भीय :
नागपूरकडून नमस्कार. तुमचं दाण्याचं ठीक आहे हो, पण इकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जाते तेव्हा पाखराला दाणा नाही, पाणी पाहिजे. दाणा तर ते कुठूनही शोधून राह्यले असतात. आम्ही कुंभाराकडून पसरट परळ आणतो, खोल नको, दोन बोटं पाणी राहीन एवढंच, आणि मधात एक खडबडीत गोटा ठेवायचा म्हणजे बारीक पाखराला उभं राहता येते आणि मधमाशी बुडून मरत नाही. सावलीत ठेवा, निंबाखाली असलं तर उत्तम. ऑनलाइन ते चकचकीत ग्लेझवाले बाउल विकतात ते घेऊ नका, पाय सरकतात आणि पाणी गरम होते. साधी कच्ची माती झिरपते, पाणी थंड राह्यते. सातभाई, साळुंक्या, होले, दयाळ, सगळे येतात, दुपारी खारसुद्धा.

आता मुख्य मुद्दा. पाणी रोज बदला, आणि नुसतं ओतून नवीन भरू नका, नारळाच्या शेंडीने आतून घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या काठाला भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवते, ती सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राह्यतात, पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्या कॉलनीत एका काकूंनी "पाखरं पाणी पितात, डास कुठून होतील" असं म्हणून परळ तसंच ठेवलं, महापालिकेचे लोक आले तर आत अळ्या वळवळून राह्यल्या होत्या. गावाला चाललात तर परळ उपडं करून जा. पाखरं दुसरीकडे जातात, रागावत नाहीत.

तिसरा मजला :
मुंबई. इथे आधी एक कडू बोलून घेते. शहरात, त्यातून मुंबईत, गॅलरीत दाणे टाकायचे म्हणजे कबुतरं पाळायची, दुसरं काही नाही. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यात दाणे टाकायच्या बंदीवरून केवढं रामायण झालं, कोर्टापर्यंत गेलं, ते सगळ्यांना आठवत असेलच. भूतदया वगैरे मान्य आहे पण वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन काही लोकांना फुप्फुसाची ॲलर्जी होते, जुनी झाली की फुप्फुस कायमचं आकसतं. आमच्या मजल्यावर एक आजोबा ऑक्सिजनवर आहेत, डॉक्टरांनी पहिला प्रश्न कबुतरांचाच विचारला. तर आमच्याकडे दाणा बंद. अजिबात नाही.

मग पक्षी येतात का? येतात ना. झाडं लावा. मी जास्वंद लावलीय साधी लाल, डबलवाली नाही कारण तिच्या पाकळ्यांच्या गुंत्यात शिंजीराला, म्हणजे सूर्यपक्ष्याला, मध सापडत नाही, एक पिवळा टेकोमा, आणि काटेकोरांटी जी मैत्रिणीकडून फांदी आणून लागली. मोठ्या कुंड्या रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या, खाली भोकं पाडून. खर्च मातीचा आणि शेणखताचा तेवढा. शिंजीर रोज येतात, शिंपी पक्षी येतो, गोगलगायीसुद्धा येतात पण तो वेगळा धागा.

आणि गंमत म्हणजे शिंजीराच्या मादीने घरटं बांधलं ते कपडे वाळत घालायच्या दोरीच्या लोंबत्या टोकाला, कोळ्याची जाळी, वाळकी पानं, सालपटं, कागदाचे कपटे, वरून बघाल तर वाटेल केर अडकलाय. बांधणं आणि उबवणं सगळं ती एकटी करते, नर नुसता समोरच्या वायरवर बसून गातो (नो कमेंट्स). अंडी उबायला दोन आठवडे, पिल्लं उडायला साधारण तेवढेच, म्हणजे महिनाभर आमचे कपडे घरात पंख्याखाली. नवऱ्याने एकदाही कुरकुर केली नाही हे इथे नोंदवून ठेवते. म्हणून सांगते, गॅलरीतली सगळी जाळी झाडूने काढू नका, कोपऱ्यातलं एखादं कोळ्याचं जाळं असू दे, ते घरट्याचं सामान असतं.

रंधा :
नाशिककर. मी सुतारकाम करतो, हौसेने नाही, धंदाच आहे, त्यामुळे चिमण्यांच्या पेट्यांवर मला जरा जास्त बोलायचंय, कंटाळा आला तर पुढे जा.

पहिलं म्हणजे पेटीचं भोक. बाजारात जे सुंदर रंगवलेलं घर मिळतं ना, लाल छप्पर वगैरे, त्याचं भोक बहुतेक वेळा एवढं मोठं असतं की साळुंकी आरामात आत जाते, आणि साळुंकी शिरली की चिमणीचा संसार संपला. चिमणीला 32 मिलिमीटर पुरे, फार तर 35. 32 चं होल सॉ हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, नसेल तर कुठल्याही सुताराकडे जा, चहाच्या पैशात पाडून देईल. भोकाखाली बसायला दांडी लावतात ती कशाला लावतात देव जाणे, चिमणी उभ्या फळीला धरून आत जाते, दांडीचा उपयोग फक्त कावळ्याला, तिथे बसून तो आत चोच घालतो.

लाकूड कुठलंही चालतं, पॅकिंग केसच्या पाइनच्या फळ्या भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात. तळ आतून साधारण वीतभर बाय वीतभर, भोक तळापासून पाच-सहा इंच वर म्हणजे पिल्लू बाहेर लवकर लोंबत नाही. तळाला चार बारीक भोकं, पाणी निथळायला. छप्पर पुढे दोन इंच काढायचं, आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. आतून रंधा मारू नका, खरखरीत असू द्या, पिल्लाला चढायला तेच लागतं. रंग-वॉर्निश आतून अजिबात नाही. बाहेरून जवसाचं तेल लावलं तर बास. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी करू नका, एप्रिलात आत भट्टी होते.

टांगायची कुठे तर आठ-दहा फुटांवर, वळचणीखाली, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला नको. झुलती नको, भिंतीला घट्ट. दोन पेट्या शेजारी चालतात, चिमण्यांना शेजार आवडतो. आणि धीर धरा, काहींकडे आठवड्यात जोडी येते, काहींकडे वर्ष जातं. जुन्या घरांत फोटोच्या फ्रेममागे आणि कौलांखाली त्यांना जागा होती, आता भिंती सपाट आणि खिडक्या सरकत्या, बिचाऱ्यांनी जायचं कुठे. 20 मार्चला चिमणी दिवस असतो ना, त्याच्या आधी माझ्याकडे ऑर्डरी येतात, तेव्हा मी लोकांना म्हणतो जरा आधी या, जोड्या त्याच्या आधीच जागा बघायला लागतात.

काळी माती :
सोलापूर जिल्हा, ज्वारीचं गाव. आमची गंमत ऐका. हुरड्याच्या दिवसात वडील पहाटेपास्नं माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचे, हा हा करून पाखरं हाकलायची, आणि घरी आई ज्वारीची चार टपोरी कणसं ओट्यावर चिमण्यांसाठी बांधून ठेवायची. मी विचारलं तर म्हणली, शेतातली ती चोर, दारातली ती पावणी. 😄

कणसंच बांधा असं माझं म्हणणं, मोकळे दाणे नको. कणसाला पारवा धड बसू शकत नाही, चिमणीला बरोबर बसता येतं, म्हणजे वर ताईंनी कबुतरांचं लिहिलंय त्यावर हा उपाय बघा करून. शहरातल्यांना हुरड्याच्या सीझनला कणसं मिळतात, वाळवून ठेवली तर उन्हाळाभर पुरतात, पण भुंगा लागतो म्हणून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायची. अजून एक, पिल्लांना दाणा चालत नाही, चिमणी स्वतः दाणा खाती पण पिल्लाला अळ्या-किडेच भरवती. बागेत औषध मारलं तर मग पेटी टांगून काय उपयोग.

लेस्टरकर :
इंग्लंडमधून लिहितोय, इथे हा मोठा उद्योग आहे, सुपरमार्केटात पक्ष्यांच्या खाण्याची अख्खी रांग. 'फॅट बॉल' म्हणजे चरबीचे लाडू, हिवाळ्यात पक्ष्यांना ऊर्जा हवी म्हणून. घरी स्वस्तात होतात पण खरी सुएट म्हणजे गाईची चरबी, आमच्या घरात ते पातेल्यात वितळवणं शक्य नव्हतं, आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं असतं तर संपलंच. व्हेजिटेबल सुएट मिळते, त्यात ओट्स आणि सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया घालून मी दह्याच्या रिकाम्या डब्यात थापतो. विकतचे घेतले तर त्याची प्लास्टिकची जाळी काढून टाका, पाय अडकतात. शेंगदाणे देताना खारे नकोत आणि बुरशीचे तर नकोतच.

इथली पेटीच्या भोकाची मापं वेगळी, ब्लू टिट आणि ग्रेट टिट हे इथले बारके पक्षी, ब्लू टिटला 25 मिमी, ग्रेट टिटला 28, चिमणीला रंधा म्हणतात तसं 32 च. आणि फीडर धुवा रे बाबांनो. इथे 2005 नंतर ग्रीनफिंच नावाचा पक्षी ट्रायकोमोनोसिसने झपाट्याने कमी झाला, घाण फीडरवर लाळेतून पसरतो तो रोग. आजारी, पिसं फुगवून बसलेला पक्षी दिसला तर काही दिवस खाणं बंद ठेवायचं, म्हणजे गर्दी पांगते.

भाजीचा मळा :
ब्रेड, फरसाण, काल उरलेला फोडणीचा भात चालतो का? सासूबाई रोज कठड्यावर ठेवतात, श्रद्धेचा भाग आहे, नाही म्हणता येत नाही.

गच्चीवाली :
मीठ, तेल, तिखट नकोच. ब्रेडने पोट भरतं पण त्यात काही नसतं. सासूबाईंना म्हणा कुकर लावताना साधा भात चमचाभर आधीच बाजूला काढा, तोच घास ठेवा, श्रद्धाही राहते. फक्त दुपारपर्यंत उचला, उन्हात आंबतो. आमच्या आजी कावळ्याला असंच करायच्या, वरणभातातला वरणाचा थेंब पडायच्या आत.

भाजीचा मळा :
हे जमेल 🙏 आणि घरट्यासाठी कापूस, लोकर वगैरे ठेवली तर?

तिसरा मजला :
लोकर, दोरा, केस नको, पिल्लांच्या पायाला आवळतात. जुनं काथ्याचं पायपुसणं फाटलं की फेकू नका, बोटभर लांबीचे तुकडे करून कुंडीत खोचून ठेवा. बुलबुल, चिमण्या दोघंही नेतात.

पडवी :
पिल्लू खाली पडलं तर काय करायचं? गेल्या पावसात आमच्या अंगणात दयाळाचं पडलं होतं, सगळ्यांनी वेगवेगळे सल्ले दिले.

वैदर्भीय :
पिसं आली असतील आणि फुदकत असेल तर हात लावू नका, ते उडायला शिकून राह्यलं असते, आईबाप जवळच असतात. मांजर असलं तर फक्त उचलून जवळच्या झुडपात ठेवा. पिसं नसलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खोटं आहे. आणि दूध-पाणी चोचीत ओतू नका, श्वासात जाते.

गच्चीवाली :
रंधादादा, एक राहिलं. पिल्लं उडून गेली की पेटी साफ करायची का तशीच ठेवायची?

रंधा :
लगेच हात घालू नका, चिमणी त्याच पेटीत पुन्हा वीण घालते, एका वर्षात दोन-तीनदासुद्धा. बरेच दिवस जोडी फिरकली नाही, आत अंडी-पिल्लं नाहीत याची खात्री झाली की जुनं गवत काढा, त्यात पिसवा-गोचिडं असतात म्हणून तोंडाला फडकं बांधून. उकळतं पाणी ओता, उन्हात कडक वाळवा, फिनेल नाही. यासाठीच बाजूची एक फळी वर दोन स्क्रूवर फिरती ठेवायची आणि खाली एक खिळा वाकवून अडसर करायचा. बिजागरी लागत नाही, तेवढेच पैसे वाचतात.